दीड कोटी म्हणजे नक्की किती? विश्रामबागमधल्या एका इमारतीचे तीन प्रस्ताव

"दीड कोटी. त्याच्या खाली बोलायचं असलं तर चहा घ्या आणि निघा."

काकांचं पहिलंच वाक्य हे. माझ्याबरोबर आलेल्या खरेदीदाराचा चेहरा उतरला. मला मात्र ते ऐकून बरं वाटलं. काकांनी आकडा घट्ट धरला होता, पण पैसे कधी हवेत आणि कसे हवेत याबद्दल एक शब्द काढला नव्हता. अशा माणसाशी बोलायला बरीच जागा असते.

ही गोष्ट २०२४ च्या दिवाळीनंतरची. मी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली. आता सांगली-मिरज भागात इमारती आणि प्लॉटच्या व्यवहारांचे कागद जुळवून देते. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत आणि नेमका पत्ता दिलेला नाही. व्यवहाराचा सांगाडा आहे तोच आहे.

इमारत सांगलीच्या विश्रामबागमध्ये, वालचंद कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर. खाली पार्किंग, वर तीन मजले, मजल्यावर दोन याप्रमाणे सहा फ्लॅट. चार गुंठ्यांचा प्लॉट काका-काकूंनी १९८९ मध्ये दोघांच्या नावावर घेतला आणि १९९८ मध्ये बांधकाम केलं. पहिल्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये दोघं राहतात. बाकीचे पाच भाड्यानं दिलेले, प्रत्येकी साडेनऊ हजार रुपयांनी. कॉलेजची मुलं, मिरजेच्या दवाखान्यांत नोकरी करणाऱ्या दोन नर्स, एक बँक कर्मचारी असे भाडेकरू. सांगलीत इमारत बघायला गेलं की पहिला प्रश्न पाण्याचा असतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत या दारात पाणी आलं नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. म्हणून "पाणी आलं नव्हतं" या तीन शब्दांना इथे किंमत मिळते.

खरेदीदार बेचाळिशीचा. पंप आणि मोटारींचं दुकान आहे. हाताशी ७० लाख, आणि घरखर्च जाऊन दुकानातून वर्षाला १५ लाखांच्या आसपास बाजूला पडतात. काका ७४ वर्षांचे, काकू ६९. काकांची नोकरी खासगी, त्यामुळे पेन्शन नाही. दोन्ही मुलगे पुण्यात.

भाडं कर्ज फेडत नाही

अमेरिकेत भाड्याच्या इमारती घेणाऱ्यांमध्ये मालकाला एकाच वेळी दोन-तीन प्रस्ताव देण्याची रीत जुनी आहे. एक कमी किमतीचा पण रोकडा, एक बँकेच्या कर्जावरचा, एक जास्त किमतीचा पण मालकानंच मुदत दिलेला. मालकानं "हो" की "नाही" असा विचार करण्याऐवजी "यातला कुठला" असा विचार करावा, हा त्यामागचा हेतू. मला ही रीत आवडते. पण ती जशीच्या तशी इथे आणली तर माणूस खड्ड्यात जातो. कारण तिथल्या हिशेबात इमारतीचं भाडं इमारतीचं कर्ज फेडतं असं धरलेलं असतं, आणि आपल्याकडे ते होत नाही.

सहाही फ्लॅट भाड्यानं गेले तर महिन्याला ५७ हजार, वर्षाला ६ लाख ८४ हजार. घरपट्टी, पाणीपट्टी, जिन्यातले दिवे, बोअरची मोटार, सफाईवाली, रंग-दुरुस्ती आणि एखादा फ्लॅट महिना-दोन महिने रिकामा राहण्याची तरतूद धरून १ लाख २४ हजार वजा केले. राहिले ५ लाख ६० हजार. दीड कोटीवर हा परतावा पावणेचार टक्क्यांच्या आत आला. त्या वेळी अशा इमारतीवर बँक दहा टक्क्यांच्या आसपास दर सांगत होती. दहानं पैसे घेऊन पावणेचारनं लावायचे, तर दर महिन्याला खिशातून भर घालावी लागणार.

शिवाय हे गृहकर्ज नव्हतंच. एकाच व्यक्तीच्या तिसऱ्या घरापासून पुढचं कर्ज रिझर्व्ह बँकेच्या नियमांत व्यावसायिक स्थावर मालमत्तेत धरलं जातं. सहा फ्लॅटची अख्खी इमारत घेणाऱ्याला गृहकर्जाचा दर आणि गृहकर्जाची टक्केवारी मिळेल या समजुतीवर इसार देऊन बसलेले लोक मी पाहिले आहेत.

या आकडेमोडीतून मला एक गोष्ट मिळाली, आणि पुढचा सगळा व्यवहार तिच्यावर उभा राहिला. खरेदीदाराला बँक दहा टक्के लावणार होती. काकांनी पैसे एकदम घेतले असते तर ज्येष्ठ नागरिक म्हणून त्यांना मुदतठेवीवर साडेसात टक्के मिळाले असते. या दोन दरांमध्ये अडीच टक्क्यांची मोकळी जागा आहे. पैसे बँकेतून फिरून आले तर ती जागा बँकेकडे जाते. काका आणि खरेदीदार एकमेकांशी थेट बोलले तर ती दोघांत वाटता येते.

पैसे कशाला हवेत?

दुसऱ्या भेटीला मी एकटी गेले. खरेदीदारासमोर विकणारा माणूस गरज सांगत नाही, कारण गरज कळली की भाव पडेल अशी भीती असते, आणि ती खरीही असते. म्हणून मी आधीच सांगितलं की मी खरेदीदाराकडून आले आहे, माझी फी तो देणार आहे, आणि तुम्ही जे सांगाल ते मी त्याला सांगणार आहे. नको असलेलं सांगू नका.

काका गप्प होते. बोलल्या त्या काकू. "धाकट्याच्या फ्लॅटचं कर्ज हाय, चाळीस लाख बाकी. त्याच्या नोकरीचं काय खरं नाही बघा. तेवढं मिटलं की आम्ही सुटलो. बाकी पैसं एकदम घेऊन आम्ही काय करणार ताई? महिन्याला चाळीस-पंचेचाळीस आलं की बास होतंय." मग थोडं थांबून, "आणि मला ह्या घरातनं हलवू नका."

काका इमारत विकायला निघाले होते ते पैशाच्या हव्यासानं नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी रात्री अकराला टाकी भरली का बघायला जिने चढणं त्यांना झेपत नव्हतं. म्हणजे मला चार गोष्टी कळल्या: चाळीस लाख आत्ता, महिन्याची ठरलेली रक्कम, त्याच घरात राहणं, आणि भाडेकरूंच्या कटकटीतून सुटका. दीड कोटी हा आकडा या चारांत नव्हताच. तो शेजारच्या गल्लीतल्या एका विक्रीची ऐकीव किंमत होती. पण चारचौघांत सांगितलेला आकडा माणसाच्या मानाचा असतो. त्याला थेट हात घालायचा नाही हे मी ठरवलं.

तीन कागद

आठवड्यानं तिघं जण टेबलाभोवती बसलो तेव्हा मी तीन कागद ठेवले. प्रत्येक प्रस्ताव एका पानात, मोठ्या अक्षरात, मराठीत.

पहिला कागद एकरकमीचा. १ कोटी १५ लाख, साठ दिवसांत, सगळे बँकेतून. खरेदीखतानंतर सहा महिन्यांत घर रिकामं करायचं. ७० लाख खरेदीदाराचे, उरलेले आणि मुद्रांक शुल्काचे पैसे त्याचा मेहुणा भागीदार म्हणून घालणार होता. मेहुण्याशी मी स्वतः बोलले होते. हे मुद्दाम सांगते, कारण नुसता दाखवायला ठेवलेला, निभावता न येणारा प्रस्ताव मी टेबलावर ठेवत नाही. समोरच्यानं तोच उचलला तर?

या कागदाला आपल्याकडे एक खालची मर्यादा असते. रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेल्या दरांप्रमाणे, इमारतीचं मूल्य १ कोटी २१ लाख येत होतं. ते मूल्य व्यवहाराच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल तर आयकर खातं विकणाऱ्याला रेडी रेकनरची किंमतच मिळाली असं धरतं, आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात फरकाची रक्कम मिळवतं. इथे ती मर्यादा १ कोटी १० लाखांवर येत होती. रोकडा देतो म्हणून कितीही खाली मागावं, असं आपल्याकडे चालत नाही.

दुसरा कागद बँकेचा. १ कोटी २८ लाख. ६२ लाख स्वतःचे, ६६ लाख कर्ज. कर्ज मंजूर झालं तर, आणि साधारण चार महिन्यांनी. दहा टक्के दरानं पंधरा वर्षांसाठी हप्ता ७० हजार ९०० येत होता. सहाही फ्लॅटचं निव्वळ भाडं महिन्याला ४६ हजार ७००, म्हणजे महिन्याला २४ हजारांची भर दुकानातून. हा मधला कागद मला सगळ्यांत कमजोर वाटत होता. इमारतीला मंजूर नकाशा होता, पण भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला दिलेल्या परवानगीचा दाखला, काकांना सापडत नव्हतं. त्यावरून बँकेचा वकील किती फेऱ्या मारायला लावेल हे मला अनुभवानं माहीत होतं.

तिसऱ्या कागदावर पहिल्याच ओळीत दीड कोटी लिहिलं होतं. काकांनी चष्मा पुसला आणि तो कागद पुन्हा वाचला. खरेदीखताच्या दिवशी ६० लाख. उरलेले ९० लाख दर गुढीपाडव्याला १५ लाख याप्रमाणे सहा वर्षांत. बाकी राहिलेल्या रकमेवर पाच टक्के व्याज, दरमहा. पहिल्या वर्षी ते महिन्याला ३७ हजार ५०० येत होतं. काका-काकूंनी आपल्या फ्लॅटमध्ये हयातभर भाडं न देता राहायचं. पाच फ्लॅटचं निव्वळ भाडं महिन्याला ३७ हजारांच्या थोडं वर, म्हणजे व्याज भाड्यातून जवळजवळ सुटत होतं आणि मुद्दल दुकानातून जाणार होती.

६० लाख हा आकडाही हवेतून आलेला नव्हता. आपल्याकडे हप्त्यानं विकलं तरी भांडवली नफ्यावरचा कर हप्त्याहप्त्यानं भरता येत नाही. अमेरिकेत तशी सोय आहे. इथे हस्तांतर ज्या वर्षी झालं त्या वर्षीच सगळा नफा धरला जातो, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. ही एक गोष्ट विसरल्यामुळे मुदतीवर विकणारा मालक पहिल्याच वर्षी अडचणीत येतो. मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चं इमारतीचं बाजारमूल्य २२ लाख धरलं होतं. २०२४-२५ चा महागाई निर्देशांक ३६३, म्हणून निर्देशांकित किंमत, म्हणजे महागाईप्रमाणे वाढवलेली मूळ किंमत, ७९ लाख ८६ हजार. दीड कोटीतून ती वजा जाता ७० लाख १४ हजारांचा नफा, त्यावर २० टक्के. २३ जुलै २०२४ पासून निर्देशांकाशिवाय साडेबारा टक्के हा नवा दर आला, पण त्याआधी घेतलेल्या जमीन-इमारतीला निवासी व्यक्तीला दोन्हींतला कमी कर भरता येतो. इथे जुनी पद्धत स्वस्त पडत होती. उपकर धरून सीएंनी दोघांचा मिळून साडेचौदा लाखांच्या आसपास कर सांगितला.

चाळीस मुलाचे, साडेचौदा कराचे, साडेपाच हातात. असे साठ.

भांडवली नफ्याचे रोखे घेऊन कर वाचवता येतो हे मी काकांना सांगितलं होतं. विक्रीपासून सहा महिन्यांत, प्रत्येकी ५० लाखांपर्यंत, आणि पैसे पाच वर्षं अडकतात. पण मुलाचं कर्ज मिटवणं आणि रोखे घेणं, दोन्हीला साठ लाख पुरत नव्हते. पुढच्या पाडव्याच्या हप्त्यातून रोखे घेऊ म्हटलं तर सहा महिने उलटून गेलेले असणार. काकांनी मुलाचं कर्ज निवडलं.

आता खरा प्रश्न. तिसऱ्या कागदावरचे दीड कोटी म्हणजे आजचे किती? साडेसात टक्के हा काकांचा पर्यायी दर धरला, तर सहा वर्षांत येणाऱ्या ९० लाखांची व्याजासह आजची किंमत, म्हणजे तेवढंच पुढे मिळावं म्हणून आज ठेवीत ठेवावी लागेल ती रक्कम, साडेत्र्याऐंशी लाख भरते. म्हणजे काकांच्या हिशेबानं हा प्रस्ताव १ कोटी ४३ लाखांचा. तोच कागद खरेदीदाराच्या दहा टक्क्यांनी मोजला तर १ कोटी ३८ लाखांच्या आत येतो. घेणाऱ्याला १३८ पडतात आणि देणाऱ्याला १४३ मिळतात, पाच लाखांची ही सोय कुणाच्याच खिशातून गेलेली नाही. ती बँकेच्या मधल्या जागेतून आली. मी हा हिशेब दोघांसमोर पाटीवर मांडला. एकाला दाखवून दुसऱ्यापासून लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मोठ्या मुलाचा प्रश्न

थोरला मुलगा फोनवर होता. त्यानं विचारलं, "खरेदीखत करून दिलं आणि पुढचे नव्वद लाख आलेच नाहीत तर? मग इमारत परत मिळते का?"

त्याचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा होता आणि त्याचं खरं उत्तर "नाही" असं आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, १८८२ च्या, विक्रीची व्याख्याच अशी आहे की किंमत दिलेली असो, देण्याचं वचन असो, किंवा काही दिलेली आणि काही वचनातली असो, मालकी हस्तांतरित होते. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये दहिबेन प्रकरणात हेच स्पष्ट केलं: नोंदणी झालेलं खरेदीखत केवळ उरलेली रक्कम मिळाली नाही म्हणून रद्द होत नाही, विकणाऱ्यानं पैशासाठी दावा करायचा. म्हणून "पैसे आले नाहीत तर खत रद्द करू" या भरवशावर कुणीही मुदतीवर विकू नये. मी हे खरेदीदाराची सल्लागार असूनही सांगितलं. भीती पोटात ठेवून सही करणारा मालक तिसऱ्या महिन्यात वकिलाकडे जातो.

मग पैशाला आधार काय? कायदाच न मिळालेल्या किमतीपुरता विकणाऱ्याचा बोजा त्या मालमत्तेवर मानतो. पण तेवढ्यावर न थांबता आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. बाकी रकमेचा आणि हप्त्यांचा स्पष्ट उल्लेख खरेदीखतातच करायचा. त्याच दिवशी, लगेच पुढच्या दस्त क्रमांकानं, खरेदीदारानं काका-काकूंच्या नावे ताबा न देता नोंदणीकृत गहाणखत करून द्यायचं. आणि मिळकत पत्रिकेवर त्याची बोजा म्हणून नोंद करून घ्यायची, म्हणजे उद्या कुणी उतारा काढला तर पहिल्या नजरेत दिसेल. लागोपाठ दोन पाडवे चुकले तर सगळी बाकी एकदम देय, हे कलमही घातलं. ९० लाखांचा मुदत विमा खरेदीदारानं स्वतःचा काढून काका-काकूंच्या नावे करून द्यायचा. इमारतीचा विमा पुरासह.

थोरल्यानं मग उलट सुचवलं: आत्ता नुसतं साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, करा, ताबा द्या, खरेदीखत सहा वर्षांनी शेवटच्या हप्त्याला. बऱ्याच जणांना हे सुरक्षित वाटतं. पण ताबा देणाऱ्या साठेखताला महाराष्ट्रात खरेदीखताएवढंच मुद्रांक शुल्क लागतं, म्हणजे खर्च वाचत नाही. नोंदणीकृत करारावर ताबा दिला की आयकराच्या दृष्टीनं हस्तांतर तेव्हाच होतं, म्हणजे करही टळत नाही. आणि सहा वर्षांत काका-काकूंचं काही बरंवाईट झालं तर खरेदीदाराला वारसांच्या सह्यांच्या मागे फिरावं लागणार. दोन भाऊ आज एका सुरात बोलतात, सहा वर्षांनी बोलतील का? फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "गहाणखताचं ठीक आहे."

हयातीचा हक्क की आपल्या नावावर फ्लॅट, यावर मात्र बराच वेळ गेला. माझं स्वतःचं मत असं होतं, आणि अजून आहे, की काकूंचा फ्लॅट विक्रीतून वगळावा. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र करून सहा स्वतंत्र फ्लॅट करायचे आणि पाचच विकायचे. त्यात म्हातारपणी कुणाच्या मर्जीवर राहावं लागत नाही. पण त्यासाठी लागणारे महिने आणि कागद धाकट्याच्या कर्जाला परवडत नव्हते, आणि किंमतही दीड कोटीच्या बरीच खाली आली असती. काकू म्हणाल्या, "आमच्या माघारी त्या फ्लॅटवरनं पोरांची भांडणं नकोत. आम्ही हाय तोवर राहू दे, बास." खरेदीदारानंही विचार करून हो म्हटलं. वर्षाला १ लाख १४ हजारांचं भाडं किती वर्षं सोडावं लागेल हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यानं ते मनापासून स्वीकारलं. हक्क व्यक्तिगत, वारसांकडे न जाणारा, दोघांपैकी मागे राहील त्याच्या शेवटापर्यंत. त्यात पार्किंगमधली एक जागा, पाणी, आणि काकूंच्या आग्रहानं गच्चीचा वापर. पापड आणि कुरडया वाळवायला गच्ची लागते. ते वाक्य खरेदीखतात "गच्चीचा विनाअडथळा वापर" असं आलं.

याच दरम्यान एक बांधकाम व्यावसायिक काकांकडे येऊन गेला. १ कोटी ४० लाख, कागदावर रेडी रेकनरएवढे, बाकी १९ लाख हातात. काकांनी मला विचारलं. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होतो, हे मी सांगितलं. आणि एवढी रोकड घरात ठेवून झोप लागेल का, असं विचारलं. ते तिथेच संपलं.

मोडतोड

काकांनी तिसरा कागद घेतला, पण जसाच्या तसा नाही. चार दिवसांनी स्वतःच्या अक्षरात वहीच्या पानावर हिशेब करून आले. "किंमत १ कोटी ४६ लाख करा, व्याज सहा टक्के करा."

मला त्या माणसाचं मनापासून कौतुक वाटलं. दीड कोटीचा मान त्यांनी स्वतः सोडला, कारण त्यांना महिन्याची रक्कम जास्त महत्त्वाची वाटली. बाकी ८६ लाख, सहा टक्क्यांनी पहिल्या वर्षी महिन्याला ४३ हजार. काकूंच्या "चाळीस-पंचेचाळीस"मध्ये बरोबर बसणारे. आजच्या किमतीत मोजलं तर हा प्रस्ताव १ कोटी ४२ लाखांच्या थोडा वर, म्हणजे आधीच्यापेक्षा लाखभरानंच कमी. उलट किंमत चार लाखांनी उतरल्यानं काकांचा भांडवली नफ्याचा कर ८० हजारांहून जास्त वाचला आणि खरेदीदाराचं सहा टक्क्यांनी २४ हजारांचं मुद्रांक शुल्क वाचलं. व्याज काकांच्या उत्पन्नात धरलं जाणार होतं, पण दोघांत वाटलं की त्यावर फारसा कर लागत नव्हता. खरेदीदाराला महिन्याला भाड्यावर सहा हजारांची भर घालायची होती. त्यानं लगेच मान हलवली. हप्ते १५ लाखांचे पाच आणि शेवटचा ११ लाखांचा झाला.

दर पाडव्याला १५ लाख परत आले की व्याज महिन्याला साडेसात हजारांनी कमी होणार, ही काकांची पुढची शंका. तेच १५ लाख साडेसात टक्क्यांच्या ठेवीत महिन्याला ९ हजार ३७५ देतात. ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेत तेव्हा ८.२ टक्के होते आणि प्रत्येकी ३० लाखांपर्यंत ठेवता येत होते. हे वहीत उतरवल्यावर त्यांनी वही मिटली.

खरेदीखताआधी मालकीच्या जुन्या नोंदी तपासणारा शोध अहवाल, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला ही नेहमीची कामं झाली. एका गोष्टीवर मी अडून बसले: पाचपैकी तीन भाडेकरूंचे करार तोंडी होते. भाडे नियंत्रण कायद्यानं करार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. ते केलेलं नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते आधी खरं धरलं जातं. तिघांचेही करार नोंदवले आणि डिपॉझिटची रक्कम हिशेबात वळती केली, मगच २०२५ च्या फेब्रुवारीत दुय्यम निबंधकांकडे गेलो. काकूंनी दोन्ही दस्तांवर अंगठा न लावता सही करायचा हट्ट धरला. हात थरथरत होता, सहीला वेळ लागला, मागची रांग थांबली. कुणी काही बोललं नाही.

जे राहून गेलं

एक कलम मी विसरले, आणि ते सांगितल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही. मुदतीआधी पैसे फेडण्याचं कलम.

मला वाटलं होतं, लवकर पैसे आले तर कोण नाही म्हणेल? पण रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, फेब्रुवारीत ६.५० वरून ६.२५, एप्रिलमध्ये ६ आणि जूनमध्ये साडेपाचवर आणला. ठेवींचे दर त्यामागे उतरले. त्याच सुमारास खरेदीदाराचा मिरजेतला एक प्लॉट विकला गेला आणि तो ३० लाख घेऊन आनंदानं काकांकडे गेला. काका म्हणाले, "आत्ता नको. हे मी कुठं ठेवू? तू देतोयस ते सहा टक्के मला बरे आहेत." कायदाही काकांच्या बाजूनं होता. गहाण सोडवण्याचा हक्क रक्कम देय झाल्यावर येतो, त्याआधी नाही, आणि आमच्या गहाणखतात आधी फेडण्याची मुभा लिहिलेली नव्हती.

दोघंही माझ्याकडे आले. चूक माझी होती, म्हणून या कामाची फी मी घेतली नाही. पुरवणी करारनामा केला: ठरलेल्या हप्त्याशिवाय वर्षाला जास्तीत जास्त १० लाख आधी फेडता येतील, तीन महिन्यांची लेखी सूचना देऊन, आणि आधी फेडलेली रक्कम शेवटच्या हप्त्यापासून मागे वळती होईल, म्हणजे पुढचा पाडवा चुकणार नाही. काकांनी एक ओळ वाढवून मागितली. सूचना फोनवर नको, घरी येऊन हातात द्यायची. खरेदीदारानं ती ओळ तशीच लिहून घेतली आणि पहिली सूचना त्याच संध्याकाळी काकांच्या घरी नेऊन दिली.